सगळ्यांत रुंद माणूस पुढे

आमच्यातला सगळ्यांत रुंद माणूस घळीत सगळ्यांत पुढे असे. त्याला आम्ही माप म्हणत होतो. दोन पाषाणांमधल्या फटीतून तो पलीकडे गेला की मागच्यांनी बिनघोर जायचे, हा त्याने स्वतःच घालून दिलेला नियम. "मी गेलो त सारे जातात," एवढे बोलून तो आडवा होई, मान डावीकडे वळवून फटीत शिरे.

एरवी तो संग्रामपुरात बी-बियाण्यांचे दुकान चालवी. दुकानात खुर्चीवरून सहसा उठत नसे. फळीवरची पिशवी गिऱ्हाइकालाच काढायला सांगे. पण दिवाळी झाली, कापूस घरात आला, की त्याला सातपुड्याची ओढ लागे. मग तो, शेगावला शाळेत शिकवणारा गजू आणि मी, असे तिघे निघत असू. दर हिवाळ्यात नवी घळ.

आत दोन्ही हात पसरता येत नसत. काळ्या भिंती ओल्या असत. वर आभाळाची निळी रेघ, आणि तिच्यातून झिरपणारा उजेड पाण्यासारखा हलत खाली येई. बोललेला शब्द लांब जाऊन दुसऱ्याच कुणाच्या आवाजात परत येई. इथे हळू बोलावे, डोंगर झोपलेला आहे, असे माप म्हणे. स्वतः मात्र अडचणीच्या जागी कण्हत, शिव्या देत, शर्टाची बटणे तोडून घेत सरके. त्याचे कण्हणे थांबले की आम्ही निघायचो.

शेवटच्या वर्षी तो कण्हला नाही. त्या दिवशी भर उन्हातही त्याच्या अंगात जाड स्वेटर होता. फट निरुंद होती, तरी पडदा सारून जावे तसा तो पलीकडे गेला आणि "या" म्हणाला. मी शिरलो आणि मधोमध छातीशी अडकलो. श्वास घेतला की पाषाण आणखी आवळे.

"काऊन बे, सासरी जाऊन आला काय?" गजू मागून म्हणाला. माझे पाय दगडावर घासू लागले, तेव्हा त्याचे हसणे थांबले.

मापाचा चेहरा पलीकडून हातभर अंतरावर आला. "श्वास सोड," तो म्हणाला. "सारा सोड. घ्यायची घाई करू नको." मी सोडला. गजूने पट्टा धरून मला मागे ओढले.

मग माप परत आला. त्याला मान वळवावी लागली नाही. स्वेटर भिंतींना घासत होता. आतला माणूस कुठेच टेकत नव्हता.

गजूने कधीपासून, एवढेच विचारले. पोळ्यापासून, अकोल्याला उपचार चालू आहेत, असे तो म्हणाला.

"सांगतलं असतं त आणलं असतं काय तुम्ही मले?" ओल्या रुमालाने तो माझी खरचटलेली छाती पुसत होता. "मी गेलो त सारे जातात, हेच डोक्यात होतं. मीच कमी झालो, हे ध्यानात नाही राह्यलं."

परतताना त्याने मला पुढे घातले. आता तूच रुंद, म्हणाला. तो पहिल्यांदाच सगळ्यांच्या मागे चालत होता. पलीकडे काय आहे, असे मी न वळता विचारले.

"पाणी हाये, गुडघाभर. वरतं आभाय मोठं होते. लय मोकळं हाये, लेकहो."

पुढच्या हिवाळ्यात तो नव्हता. गजू आणि मी त्याच घळीत गेलो. फटीशी मी सगळा श्वास सोडून पाहिला. जाता येत नव्हते. पलीकडून उजेड येत होता आणि पाण्याचा आवाज. आम्ही तिथेच बसून भाकरी खाल्ली, हळू बोललो आणि परत फिरलो.