निकालात अडकलेलं माहेरपण

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, असं मी धरूनच चालले होते. ती अमेरिकेत, जावयाच्या नोकरीच्या व्हिसावर. पडेगावच्या घरातली एक खोली मी रंगवून घेतली, मालिशवाल्या बाईंना सांगून ठेवलं. तेवढ्यात तिकडच्या राष्ट्राध्यक्षांचा हुकूम निघाला: व्हिसावर राहणाऱ्यांचं मूल तिथं जन्मलं, तरी आपोआप तिथलं नागरिक होणार नाही. लोक कोर्टात गेले. हुकूम थांबला, पण शेवटचा निकाल लागेना. व्हिसाचे नियमही कधी बदलतील याचा नेम राहिला नाही, आणि लेक येणं पुढं ढकलू लागली.

"ठरल्याप्रमाणं इकडंच ये ना," मी फोनवर म्हणाले.

"आई, आले आणि परतीचा व्हिसाच अडकला तर? ह्याला एकटं टाकून किती महिने राहू?"

"मग मी येते."

पण मला व्हिसाच्या मुलाखतीची तारीखच मिळेना.

शेवटी तिकडंच मुलगी झाली. तिला तिथला पासपोर्टही मिळाला. तरी लेक निघायला धजत नाही; निकाल उलटा लागला तर तो पासपोर्ट टिकेल का, ही धास्ती. "एकदा निकाल लागू दे, आई," एवढंच म्हणते.

काल नात पहिल्यांदा पालथी पडली. मी फोनसमोर टाळ्या वाजवल्या. फोन ठेवला आणि रंगवून ठेवलेल्या खोलीतली धूळ पुसायला घेतली.