तळ्याच्या भेगांचे साचे

दिवाणावर जुन्या चादरीखाली वहिनींचं तळं वाळत पडलं होतं आणि मी नेमका त्यावर बसलो. कट्‌ असा आवाज आला. आधी वाटलं, माझंच काहीतरी मोडलं. उठून पाहतो तर चादरीखाली प्लास्टरचे तुकडे आणि चुरा.

"बस, बस," दादा म्हणाला, "अजून एक कोपरा शाबूत आहे."

वहिनी आत गेल्या. केरसुणी घेऊन आल्या.

वहिनी कवळ्या बनवतात. दाताच्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत त्यांचं टेबल. अर्धं गाव त्यांच्या दातांनी हसतं, पण तसं कबूल कोण करणार? गावाला पाणी देणारं तळं आटायला लागलं तशी त्यांची झोप उडाली. दादा खुशाल घोरायचा आणि त्या छताकडे बघत पडायच्या. एका सकाळी उठल्या, कामाचंच प्लास्टर बादलीत कालवलं आणि तळ्याच्या सुकलेल्या चिखलातल्या भेगांवर ओतलं.

"हिरडीचा साचा घेतो तसा हाही घेतला," म्हणाल्या. "काळजी करत नुसतं पडून राहण्यापेक्षा हाताला काम बरं."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात, घाटाच्या शेवटच्या पायरीखालची तीच जागा. पहिल्या साच्यातल्या भेगा बोटभर रुंद, पुढच्यातल्या त्याहून मोठ्या, मग पंजा जाईल एवढ्या. दादा म्हणायचा, "घरात पाहुणे येतात, त्यांना राक्षसाची बत्तिशी काय दाखवतेस!" पण एका चित्रकार बाईंनी ते साचे पाहिले आणि शहरातल्या कलादालनात ओळीनं लावायचं ठरवलं. वहिनींनी आयुष्यभर जे केलं ते लोकांच्या तोंडात लपलं. या साच्यांखाली पहिल्यांदा त्यांचं नाव लागणार होतं. ओळीतला शेवटचा, यंदाचा साचा मी बुडाखाली घेतला.

"नवा घेऊ की," मी म्हणालो, "तळं कुठे पळून जातंय?"

प्रायश्चित्त म्हणून प्लास्टरची गोणी मीच खांद्यावर घेतली. धापा टाकत घाटावर पोचलो, तर शेवटची पायरीच दिसेना. वरच्या धरणाचं पाणी सोडायचं की नाही, यावर कधीपासून नुसत्या बैठका चालल्या होत्या. ते एकदाचं सोडलं होतं. आमच्या जागेवर गढूळ पाणी डुचमळत होतं.

वहिनींनी चपला काढल्या आणि घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रदर्शन दोन दिवसांवर आलेलं.

"वहिनी, माझ्यामुळे शेवटची जागा रिकामी राहणार," मी म्हणालो. "त्या बाईंना तारीख पुढे ढकलायला सांगू का? महिन्याभरात हे पाणी उतरेलच."

त्यांनी वाकून ओंजळभर पाणी उचललं आणि हसत परत तळ्यात सोडलं.

"राहू दे रिकामी, भावजी."