ताईची नाडी

ऐन लग्नाच्या वयात सुईमावशीचं तोंड वाकडं झालं. सकाळी चूळ भरायला गेली तर पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागलं, डावा डोळा मिटेना. ठरत आलेलं लग्न आठवड्याभरात मोडलं. घरचे हळहळत बसले. थोरल्या बहिणीनं मात्र तिचा हात धरला आणि चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, एका म्हाताऱ्या चिनी वैद्याकडे नेलं. "मरू दे ते लग्न," ताई जिना चढताना म्हणाली, "आधी तुझं थोबाड सरळ करू."

वैद्यानं जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली आणि केसासारख्या बारीक सुया गालावर, कानामागे आणि चक्क हाताच्या अंगठ्याजवळही टोचल्या. फारसं दुखलं नाही. आत कुणीतरी हळूच ओढल्यासारखं जड वाटलं. तोंड पुष्कळसं सरळ झालं. सुयांनी की आपोआप, हे वैद्यालाही सांगता येईना. असली तोंडं आपली आपणही सुधारतात, असं तोच म्हणाला. त्याचा हा खरेपणा तिला आवडला आणि ती तिथेच राहिली. आधी झाडलोट, मग सुया उकळणं, मग शिकणं.

अंगात 'ची' नावाची शक्ती वाहते, तिच्या वाटा ठरलेल्या असतात, वाट तुंबली की दुखतं, असं तो मोडक्यातोडक्या भाषेत समजवायचा. म्हणून डोकं दुखलं तरी सुई कधी पावलात जायची. सगळी ठिकाणं ती स्वतःच्या हातापायांवर टोचून शिकली. एक प्रश्न मात्र वैद्यानं तिच्याकडून घोटून घेतला होता : "रात्री दुखतं का?" आडवं पडल्यावर वाढणारं, झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर सुईला हात लावायचा नाही. आधी इस्पितळात पाठवायचं.

वैद्य गेल्यावर खोल्या तिच्याकडे आल्या. सगळी गल्ली तिला सुईमावशी म्हणायला लागली. गुडघेवाल्या बायका पालथ्या पडल्या पडल्या गप्पा ठोकायच्या. "सासूची जीभ आखडायला कुठे टोचतात गं?" एकीनं विचारलं. "तुझ्याच कानात," सुईमावशी म्हणाली, "म्हणजे ऐकूच येणार नाही."

साठी उलटल्यावर ताईची पाठ धरली. तिचा नवरा छोट्याशा ऑपरेशनसाठी आपल्या पायांनी चालत इस्पितळात गेला होता आणि चादरीखालून परत आला होता. तेव्हापासून ताई त्या दाराकडे बघतही नसे. ती बहिणीकडे आली.

"रात्री दुखतं का?" सुईमावशीनं विचारलं.

"छे गं. पडले की घोरते."

नाडी बघायला ताईचं घड्याळ वर सरकवलं तर ते कोपरापर्यंत गेलं. मागच्या वर्षी ते मनगटात रुतायचं. नाडी खोल गेली होती, आवळलेल्या दोरीसारखी लागत होती. सुईमावशीची बोटं तिथे थांबली.

"एकदा फोटो काढून घेऊ या पाठीचा."

"तुझ्याकडे यायचं की नाही, तेवढं सांग."

सुईमावशीनं डबीतून सुया काढून टोचल्या. ताई उठली तेव्हा तिचा चेहरा सैल झाला होता. "सोन्याचे हात आहेत तुझे," ती म्हणाली. जन्मभर ताईनं धाकटीला सांभाळलं होतं. आता ती धाकटीच्या हाताखाली निवांत पडत होती. दर आठवड्याला ती येत राहिली. सुईमावशी तिच्यासाठी चहा टाकून ठेवायची आणि फोटोचा विषय काढायचं दर वेळी पुढे ढकलायची.

मग एका सकाळी न्हाणीघरात ताईचे पाय गेले. मणक्यात गाठ होती. मूळ छातीत होतं, तिथून पसरलं होतं.

इस्पितळाच्या व्हरांड्यात ताईची मुलगी मावशीची वाटच बघत होती. लहानपणापासून ती मावशीला अगंतुगं करायची. आज म्हणाली, "तुम्ही आत जाऊ नका."

"ती म्हणाली होती, रात्री दुखत नाही."

"रात्रभर भिंत धरून फेऱ्या घालायची ती! तुम्ही एकदा तरी मला विचारायचंत. इतक्या जवळचं औषध मिळालं, मग ती डॉक्टरकडे कशाला जाईल?"

सुईमावशी जिन्यावर बसून राहिली.

औषधांनी ताईला ओकाऱ्या लागल्या, पाणीही ठरेना. शेवटी भाचीच दुकानावरच्या खोल्यांत आली. "डॉक्टर म्हणतात, सुया लावून बघायला हरकत नाही," भिंतीकडे बघत ती म्हणाली. सुईमावशीनं तिच्या पाठोपाठ जाऊन ताईच्या दोन्ही मनगटांच्या आतल्या बाजूला एकेक सुई लावली. थोड्या वेळानं दोन चमचे पाणी पोटात राहिलं. भाची बाहेर गेली, तेव्हा ताईनं डोळे उघडले.

"मी खोटं बोलले होते गं."

"माहीत होतं."

"नाडीवरून?"

"नाडीवरून. आणि घड्याळावरून."

"मग दटावलं का नाहीस मला?"

"तू यायची बंद झाली असतीस."

"झालेही असते," ताई म्हणाली. रागावली की माफ केलं, ते तिच्या आवाजावरून कळलं नाही. महिना उलटायच्या आत ती गेली. भाचीनं घर बदलताना नवा पत्ता मावशीला दिला नाही.

सुईमावशीनं काम सोडलं नाही, पण आता ती माणसाच्या शब्दावर विसंबत नाही. तपासणी झाल्याशिवाय पाठीला हात लावायचा नाही, आणि घरच्या माणसाला सोबत आणल्याशिवाय तर नाहीच. लोक कंटाळले. गल्लीच्या टोकाला दुसऱ्या एकानं सुयांचं दुकान थाटलंय. तो काही विचारत नाही.

परवा एक रंगारी पाठ धरून जिना चढून आला. रात्री झोप लागत नाही म्हणाला. तिनं त्याला इस्पितळाची वाट सांगितली, तसा तो भडकला. "सुया टोचायला बसलीस की माणसं हाकलायला?" म्हणत खाली उतरला. तीही अनवाणी त्याच्या मागे गेली. तो दुसऱ्या दुकानात शिरला. तिनं दारातून हाका मारल्या, तेव्हा दुकानदार बाहेर आला.

"गिऱ्हाईक गेलं म्हणून एवढी आग लागली का, मावशी?" तो हसत म्हणाला आणि त्यानं दार लावून घेतलं.