तुणतुण्यावरचं कुंकू

माझं माहेर कोल्हापूरकडं. शाळा आठवीतच सुटली. पुढं लग्न होऊन इतक्या लांब मंठ्याला आले, तेव्हा इथलं बोलणं अर्धं कळायचं नाही. नवरा दिवसभर कामावर. घरात मी आणि सासरे. त्यांना मी मामा म्हणते. ते तुणतुणी, एकताऱ्या बनवतात, दुरुस्त करतात. एकटीला घर खायला उठायचं, म्हणून त्यांच्यासमोर जाऊन बसू लागले, मग हळूहळू तुणतुण्याचं चामडं भिजवून देऊ लागले. सुनेनं चामड्याला हात लावावा का, असं शेजारची एक बाई म्हणाली, तर मामा म्हणाले, "बोटं तिची भिजून राह्यली, तुमचं काय दुखतंय?"

दोन वर्षांनी त्यांनी पहिल्यांदा गिऱ्हाइकाचं काम माझ्या एकटीवर सोडलं आणि ते बदनापूरला लेकीकडं गेले. एका म्हाताऱ्या गोंधळ्यांचं तुणतुणं होतं, खालचं चामडं फाटलेलं. मी नवं चामडं भिजवलं, ताणून बसवलं, सावलीत वाळवलं, मधोमध बारीक भोक पाडून तार वर खुंटीपर्यंत ओढली. सगळं बराबर झालं. फक्त दांडी काळपट, चिकट दिसत होती. ती मी ओल्या फडक्यानं, मग पॉलिश पेपरनं घासून लख्ख केली.

मामा परत आले आणि दांडी बघून खालीच बसले.

"गोंधळाच्या आधी ह्याची पूजा करत्यात. वर्षानुवर्षांचं हळदकुंकू व्हतं ते. तुला सांगायचं माझ्याच ध्यानात आलं न्हाई."

मला जेवण गेलं नाही. आता हे काम हातातून जाणार, परत दिवसभर भिंतींकडं बघत बसायचं, एवढंच डोक्यात.

गोंधळी आले तेव्हा मामांच्या आधी मीच सांगून टाकलं. ते दांडीवरून अंगठा फिरवत राहिले.

"माझ्या बापानं लावलेलं कुंकू व्हतं ह्याच्यावर, माय."

मामा म्हणाले, "दादा, चूक माझी. काम शिकवलं, हे शिकवायचं राह्यलं."

गोंधळ्यांनी तार छेडली, कान लावला, परत छेडली. मग तुणतुणं पिशवीत घालून निघून गेले.

आठवडाभर मी कामाकडं फिरकले नाही. मग मामांनीच चामड्याचा तुकडा माझ्यापुढं टाकला. "हे कोण भिजवणार? मी?" त्या एका वाक्याचे उपकार मला कधी बोलून दाखवता आले नाहीत.

दिवाळीनंतर गोंधळी परत आले, भावाचं तुणतुणं घेऊन. मामांनी हात पुढं केला, तर म्हणाले, "तुम्हाला न्हाई, सुनबाईला." आणि माझ्याकडं वळून, "आवाज बराबर केल्ता तू. बिलकुल बापाच्या वेळेसारखा. पण माय, ह्याला आंघोळ घालू नको."

मामा हसायला लागले. आत जाऊन मी आधी त्या दांडीला कोरडं फडकं गुंडाळलं, आणि मगच चामडं भिजत घातलं.