धारेच्या उलट सरकलेला दोर

त्या पावसाळ्यात वैनगंगा कारध्याजवळ काठ सोडून धानाच्या बांधीत शिरली होती. पूर असला की मासे काठच्या संथ पाण्यात येतात, म्हणून मामा भर पावसात जाळं घेऊन निघाले. रजेवर आलेला मीही सोबत गेलो. ते जाळं त्यांनी उन्हाळाभर बसून विणलं होतं आणि घरात दुसरं नव्हतं.

गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो. म्हणून पुरात जाळ्याचा दोर झाडाला बांधायचा नाही, हातात धरायचा आणि आत काय आलं ते बोटांनी ओळखायचं, ही मामांची रीत. जाळं पाण्यात टाकल्यावर बराच वेळ मामांच्या हातातला दोर ढिला होता. मग तो ताणला गेला. झटका बसला नाही. दोर धारेच्या उलट, वरच्या बाजूला सरकू लागला.

"मोठा असन मामा. ओढू काय?"

"हात नोको लावू."

मामा दोरासोबत काठाने चालत गेले आणि थांबले. दोरही थांबला. ते पुन्हा चालले, तसा तोही सरकला. मग त्यांनी मूठ उघडली.

"एवढं जाळं काहून सोडलं?"

"मासा थांबत नाही. मी थांबलो त हे थांबलं."

दोराचं टोक पाण्यात गेलं.

"मामीनं पुसलं त पुरानं नेलं म्हणजो," ते म्हणाले.