मेलेल्यांना उठवणारी एकच होती

मॅडम दारात उभ्या आन आत माजी सगळी लेकरं मरून पडलेली.

म्हंजी खरी मेलेली न्हाईत वो, पर बगणाऱ्याला तसंच वाटंल. कुणी उताणं, कुणी पालथं, शिवमचं तोंड उघडं आन गालाला खिचडीचं शीत. ताटं तशीच. मॅडमनं लेकरांकडं बगितलं, मंग पातेल्याकडं, मंग माज्याकडं.

मी अंगणवाडीत मदतनीस हाय. धारूरच्या वर, डोंगराच्या कडंला आमचं गाव. सेविकाताई शिकवत्यात, मी लेकरं घरून आणते, झाडते, खिचडी शिजवते. शाळा माजी सातवीतच सुटली. ही नोकरी हाय म्हणून आमी ऊसतोडीला जात न्हाई, न्हाईतर माजी पोरगी बी फडात पाचटावर झोपली असती. म्हणून मला सुपरवायझर मॅडमची लई भीती. त्या सांगून येत न्हाईत, जीपच येती अचानक. त्या दिशी सेविकाताई मीटिंगला गेलत्या. मी एकटी.

आता लेकरं मेलती कावून, ते सांगते.

आमच्या घरात दोन पार्ट्या. मालक शिनेमावाले, धाकला दीर गेमवाला. जेवताना मालक मोबाइलवर डबिंगचा फायटिंगचा शिनेमा लावत्यात, की दीर सुरू होतो.

"दादा, ही काय फायटिंग हाय का? बुक्की लागल्यावर माणूस हवेत गिरक्या घेतो व्हय?"

"आन तुज्या गेमात? मेलेला परत उठतो. मरणाला काय किंमतच न्हाई."

"तुमचा हिरो तर मरतच न्हाई! आमचा मरतो तरी."

मला इचारलं तर मी म्हणते दोन्ही बंद करा, भाकरी खा. फायटिंग लागली की मी पदरच घेते डोळ्यावर. नुसत्या आवाजावरून वळखते कोण पडलं.

पर दीर ओट्यावर गेम खेळत बसला की गावची लेकरं त्याच्या भवती, आन मंग तेच अंगणवाडीत. तुरीच्या वाळल्या काड्या, तुराट्या, त्याच्या बंदुका केल्या. मी तुराट्या चुलीत घातल्या, एखाद्याचा डोळा जायचा म्हणून. तर बोटांच्या बंदुका. आता बोटं कुठं घालू चुलीत?

मंग एक दिस बगितलं, ज्याला गोळी लागती ते लेकरू खाली पडतंय आन गप राहतंय. गप! सेविकाताईंनी सगळी गाणी म्हणली तरी जे जमलं न्हाई ते एका 'ठो'त झालं. मंग मी कायदाच केला. खिचडी खाल्ली की मी एकेकाला ठो करणार, त्यानं मरायचं, हलायचं न्हाई. तवर माजी पातेली घासून होत्यात. आन गेमात एक डॉक्टर असतो, मेडिक म्हणत्यात त्याला, तो मेलेल्याला हात लावून उठवतो. आमची मेडिक माजी पोरगी स्वरा, चार वर्षांची. तिनं पोटाला हात लावून "उठ, लाईफ आली" म्हणलं की उठायचं. मेडिकबिगर जो उठंल तो उद्याच्या खेळात न्हाई.

लई ब्येस चाललं व्हतं. तेवढ्यात जीप आली. हॉर्न वाजला आन स्वरा पळाली पाण्याच्या टाकीमागं.

"काय झालं यांना?" मॅडम म्हणल्या.

मी हात जोडले. "मीच... मॅडम, मीच..."

"तुम्ही काय?"

"मीच मारलं सगळ्यांना."

मॅडमनं चौकट धरली. "खिचडी... चाखली होती का तुम्ही?"

लेकरांना वाढायच्या आधी आमी स्वता खाऊन बगायची, असा नियम हाय. "खाल्ली की," म्हणलं, आन मी मटकन खालीच बसले.

"अहो, हिलाही चढलं!" मॅडम ड्रायव्हरवर वरडल्या. "अँब्युलन्स बोलवा! विषबाधा!"

झालं. गाव गोळा. लई जणांचे आईबाप उसाला गेलेले, लेकरं आज्यांजवळ. म्हाताऱ्या ऊर बडवत आल्या. कौसाबाईनं आपला नातू शिवम उचलला तर त्याची मान लोंबायली.

"अगं बया! सुनंला काय तोंड दाखवू गं मी!"

शिवमनं एक डोळा उघडला. "आज्जे, खाली ठेव ना. मेलोय मी."

मंग मला कुठं वाचा फुटली आन मी एका दमात सगळं सांगितलं, गेम, दीर, ठो, पातेली. मॅडमचं तोंड पांढरं व्हतं ते लाल झालं.

"उठा रे सगळे!"

एक बी उठंना.

"उठवा यांना. आत्ता! नाहीतर उद्यापासून तुम्ही घरी बसा."

माज्या डोळ्यापुढं फडच आला. टाकीमागनं स्वराला वढून आणलं. "उठव गं माय, उठव."

"न्हाई उठवत. दुश्मन उभा हाय."

"कुठं हाय दुश्मन?"

तिनं मॅडमकडं बोट केलं. "जीपीत आलाय. मी उठवायला गेले की मला गोळी मारंल."

"दे एक ठिवून पोरीला!" कौसाबाई म्हणली. मी हात उचलला बी. पर मंग सुचलं, मारलं आन ती बी मेली तर? मंग उठवणारं कोण?

ड्रायव्हर हळूच म्हणला, "मॅडम, तुमीच मरून घ्या एकदा. मिटंल."

मॅडमनं त्याच्याकडं असं बगितलं की तो गेलाच असता. पर अँब्युलन्स निघालेली, म्हाताऱ्यांचा गलका. मॅडम खुर्चीत बसल्या, डोळे मिटले. "घ्या, मेले."

खालून शिवम म्हणला, "न्हाई मेली. मरताना पडावं लागतंय."

मॅडम उठल्या. स्वरानं बोट रोखलं. "ठो!"

आन काय सांगू! मॅडमनं छाती धरली. दोन पावलं मागं गेल्या, भिंतीला टेकल्या, एक हात वर केला, "आई गं!" म्हणल्या, आन सगळ्या गावाकडं एकदा बगून हळूहळू घसरत घसरत खाली. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हर म्हणला, "नवा शिनेमा लागला की मॅडम टाकीजात पयल्या दिशीच जात असत्यात."

मंग स्वरा निघाली. एकेकाच्या पोटाला हात, "उठ, लाईफ आली." पटापटा उठली लेकरं आन आज्यांना बिलगली. शेवटाला मॅडमपाशी आली, बगितलं, आन पुढं गेली.

"अगं, त्यांना?"

"दुश्मनाला कोण उठवतंय?"

मॅडम डोळे मिटूनच म्हणल्या, "बाई, झालं का सगळं?" मी सांगायला वाकले आन तेवढ्यात अँब्युलन्स आली. दोघं जण स्ट्रेचर घेऊन पळत आत. त्यांना एकच बाई पडलेली दिसली. त्यांनी उचललीच.

"अहो सोडा! मी सुपरवायझर आहे!"

"हो मॅडम, घाबरू नका, बडबडू बी नका."

जीपीजवळ आणून उतरवलं तवा कुठं पटलं त्यांना. मॅडमनं साडी नीट केली. मला वाटलं, गेली नोकरी. त्या म्हणल्या, "हा खेळ बंद. आणि आज जे झालं, ते झालं नाही." तक्रार करायची तर स्वता कशा पडल्या ते बी त्यांना लिहावं लागलं असतं.

घरी मालक लई खूश. "बगितलं? आखरीला शिनेमातलंच मरण कामाला आलं!" दीर म्हणला, "पर उठवलं कुणी? गेमनं!" आजून मिटलं न्हाई त्यांचं.

खेळ बंद हाय. पातेली घासताना लेकरं परत बोंबलत्यात, बोंबलू द्या. मी एवढं शिकले: उठवायचं काम एकाच माणसाच्या हातात देऊ न्हाई. आन ते माणूस आपलंच लेकरू असलं, तर मुळीच न्हाई.