लोखंडाची घोडी

आमच्या घरी पोलीस आले ते एका शब्दापायी. शब्द होता घोडी.

मी आमच्या वस्तीतल्या समितीची पत्रकं लिहितो, त्यामुळे गोड बोलायची सवय नाही. चीनशी लढाई झाली आणि अमरावतीत नेमबाजी शिकवणारं एक मंडळ निघालं. देशाला नेमबाज हवेत, असे फलक चौकाचौकांत लागले. माझा मोठा भाऊ, दादा, नाव घालायला गेला तर जागा भरलेल्या. त्याच्यानंतर गेलेल्या त्याच्याच कचेरीतल्या सवर्ण कारकुनाला मात्र जागा निघाली. आम्ही पत्रक काढलं. ‘जाहीर निषेध’ एवढे दोन शब्द छापखान्यातल्या सगळ्यात जाड खिळ्यांत. मग मंडळानं कळवलं की हिवाळ्यातली छर्ऱ्याच्या पिस्तुलाची स्पर्धा सर्वांना खुली आहे, फक्त ज्यानं त्यानं आपलं हत्यार आणावं. म्हणजे दार उघडं, पण उंबरठा कमरेएवढा.

दादानं हत्यार मिळवलं. फौजेतून परतलेल्या आमच्या काकांनी आपलं जुनं छर्ऱ्याचं पिस्तूल दिलं आणि सोबत एक बुटकी दुर्बीण. दुर्बिणीची गरजच होती. दादाला पिस्तुलाच्या टोकावरचा मणी दिसला की लांबचं काळं वर्तुळ विरघळायचं, आणि वर्तुळ दिसलं की मणी जायचा. दुर्बिणीत दोन्हीचं एकच चित्र. पण ती पिस्तुलावर बसवायची कशानं?

त्या वस्तूला दुकानात माउंट म्हणतात. आमचे बाबा जलशात एकतारी वाजवत. तारेला खालून उचलून धरणारा जो लाकडाचा तुकडा असतो, ती घोडी. बाबांनी पिस्तूल पाहिलं, दुर्बीण पाहिली आणि निकाल दिला, “याले घोडी पाहिजे.” झालं, घरात तोच शब्द रुळला. पिस्तुलाला घोडा असतोच, त्यात ही घोडी आली. आई म्हणाली, “आधी याह्यचं लगन लावा, मंग माह्या पोराचं.”

दादाचं लग्न ठरलेलं होतं. मुलगी मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातली, लग्न तिच्याच गावी, स्पर्धेच्या पुढच्या आठवड्यात. त्या गावात आमच्या लोकांनी दीक्षा घेतल्यापासून मेलेली ढोरं ओढायचं सोडलं होतं, आणि गावानं ते विसरायचं सोडलं नव्हतं. आमचा नवरदेव वेशीतून घोडीवर बसून जाईल, ही गोष्ट तिथं अजून कोणी तोंडातून काढलेली नव्हती.

घोडीसाठी आम्ही अकोल्याला गेलो. दुकान खेळाच्या सामानाचं. अर्ध्या भागात दुकानदाराचा भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. दुकानदारानं दोन नमुने काढले. एका नमुन्यात दोन सुटी कडी होती, एक दुर्बिणीच्या पुढच्या अंगाला, एक मागच्या. दुसरा नमुना अखंड, लांब, आणि त्याच्या पोटातून एक खुंटी निघालेली. ही खुंटी पिस्तुलाच्या पाठीवरच्या भोकात बसते. स्प्रिंगच्या पिस्तुलाचा झटका मोठा विचित्र असतो, आधी मागं मारतं आणि लगेच पुढं. त्यात सुटी कडी हळूहळू सरकतात आणि नेम कुठल्या कुठं जातो.

आम्ही काउंटरवर हुज्जत घालत बसलो.

“दोन घेऊ, हलक्या आहेत,” मी म्हणालो.

“दोन घेतल्या तं एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं,” दादा म्हणाला. “एकच घेऊ. पन अशी पक्की पाहिजे का लाथ बसली तरी हलली नाई पाहिजे.”

“बार उडाला का बिचकली तर?”

“म्हनून तं पाहून घेऊन राहिलो ना बावा! पिस्तूल हाये सोबत, इथंच बसवून पाहू.”

दुकानदारानं दादाची बाजू घेतली. “अखंडच न्या साहेब. ही घोडी मागं सरकत नाही.”

घड्याळाच्या बाजूला एक पागोटेवाला शेतकरी उभा होता. कापूस विकायला आला असावा. त्यानं आमच्याकडे दोनदा पाहिलं आणि घड्याळ तसंच ठेवून निघून गेला. तो नवरीच्या गावचा, आणि दादाला त्यानं तिथं पाहिलेलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी नवरीचे वडील आमच्या दारात उभे. पाणी दिलं, घेतलं नाही. खाटेच्या काठावर टेकले आणि दादाला म्हणाले, “जवाईबापू, तुमी अकोल्याहून घोडी आनून राहिले म्हनते.”

“हो मामाजी, आनली,” दादा खुशीत म्हणाला.

“आन पिस्तूल?”

“ते तं आधीच होतं.”

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. “गावात बैठक झाली. आमच्यातल्या एकालेही वावरात कामावर घ्याचं नाई. दुकानातलं मीठ बंद. पोट्टीचं लगन मले करू द्या बापू. तुमी पायी चालत या.”

आम्ही समजावून सांगायच्या आत दारात जमादार. त्या गावच्या ठाण्यातून निरोप आला होता. त्यानं दरडावून विचारलं, “काहून रे, पिस्तूल कुठं हाये?”

दादानं आणून दिलं. जमादारानं उलटंपालटं केलं, वरची दुर्बीण डोळ्याला लावून समोरच्या लिंबावरचा कावळा पाहिला आणि पिस्तूल खाटेवर ठेवलं. “छर्ऱ्याचं हाये. याले लायसन नाई लागत. घोडी कुठं बांधली?”

वाचकहो, हे मी पत्रकासाठी रचत नाही. पिस्तूल चाललं. घोडी चालली नाही.

दादानं दुर्बिणीखालचं लोखंड बोटानं दाखवलं. “हे काय, समोरच तं हाये.”

जमादाराला ते पटवायला बाबांची एकतारी काढावी लागली. मग तो हसला. मामाजीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “लोखंडाची हाये! मले तं वाटलं...” त्यांनी आता पाणी मागितलं. घोडी लोखंडाची निघाली, म्हणून एका बापाला पोरीचं लग्न परत मिळालं होतं.

जमादार जाताना म्हणाला, “तरीबी लिहून दे, घोडी आननार नाई म्हनून.”

“कोनती?” दादानं विचारलं.

“कोनतीच.”

“मंग उद्या स्पर्धेले दुर्बीण काय हातात धरू साहेब? मी नाई लिहून देत.”

दादा हसत नव्हता. “माजले लेकहो,” म्हणून जमादार गेला.

मामाजींनी ते पिस्तूल उचललं, खुंटी बसली होती तिथं अंगठा फिरवला. दादा हळूच म्हणाला, “मामाजी, तुमी नाई म्हनाल तं मी चालत येईन. तुमी त्या गावात राहता, मी नाई.”

मामाजींनी पिस्तूल खाटेवर ठेवलं.

“मीठ तं मूर्तिजापुरातबी भेटते,” मामाजी म्हणाले. मग उठताना, “पांढरी नका आनू. लांबून दिसते.”

स्पर्धेत दादाचा नंबर आला नाही. दुर्बीण मात्र शेवटच्या छर्ऱ्यापर्यंत जागची हलली नाही.

लग्नाच्या दिवशी आम्ही तांबडी घोडी आणली. वेशीजवळच्या पारावर माणसं बसली होती, पागोटेवालाही होता. तिथल्या ठाण्याचा जमादार काठी टेकून उभा. बाजा थांबला. कोणी थांबवा म्हणालं नाही, वाजवणाऱ्यांचाच श्वास संपला असावा. पारावरून दोघे उतरून रस्त्यात आले. घोडी बिचकली, एक पाऊल मागं गेली.

तेवढ्यात गर्दीतून मामाजी पुढं आले. नवरीच्या बापानं मांडवात थांबायचं असतं, पण ते आले. त्यांनी लगाम स्वतःच्या मुठीत धरला आणि मान वर करून दादाला विचारलं, “बापू, पक्की हाये ना? मागं तं नाई सरकत?”

“नाई सरकत मामाजी.”

“मंग बसा नीट,” म्हणाले, आणि त्या दोघांच्या मधून चालू लागले.